कार्बनची मिशी

मॅनेजर माझ्या ओठावर मिशी काढत होता.

सकाळचे दहा. मे महिना. थिएटरच्या कार्यालयात मी टेबलापुढे उभा होतो. त्याने डाव्या हाताने माझी हनुवटी धरली होती. बाजारात बैलाचे दात पाहताना जबडा धरतात तशी. उजव्या हातात कार्बनची कांडी. पडद्यावर चित्र पाडणाऱ्या यंत्रात उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जळत. जळून उरलेले बोटभर तुकडे ऑपरेटर एका डब्यात टाकत असे. त्यातला एक तुकडा खोबरेल तेलात बुडवून मॅनेजर माझा वरचा ओठ काळा करीत होता.

"हलू नको बे. वाकडी होईल."

मी हललो नाही.

दारात तिकीट फाडणारा उभा होता. त्याच्या मागे आणखी दोघे. तो म्हणाला, "साहेब, टोकं जराशी वर वळवा. ठाणेदार वाटला पाहिजे."

मागचा म्हणाला, "आता याच्यासाठी पोरगी पाहा लागते."

सगळे हसले. मॅनेजरही हसला. हसताना त्याचा हात हलला आणि कांडीचे टोक माझ्या नाकपुडीत गेले. शिंक आली. मी ती दाबली. शिंकलो असतो तर मिशी बिघडली असती आणि त्याला ती पुन्हा काढावी लागली असती. मी त्याच्या श्रमांची काळजी केली. त्या दिवसाच्या इतर गोष्टी मी पचवल्या आहेत. ती दाबलेली शिंक अजून पचलेली नाही.

माझे वय सोळा होते. थिएटरच्या हजेरीबुकात ते एकवीस होते.

अकरा वाजता इन्स्पेक्टर आला. वर्षातून एकदा येत असे. थिएटरचे लायसन त्याच्या शेऱ्यावर चाले. मॅनेजरने त्याला खुर्ची दिली, पंखा त्याच्या दिशेने वळवला, सरबत मागवले. मग मला बोलावले. मी आग विझवण्याच्या लाल बादल्यांच्या रांगेशेजारी खाकी सदरा घालून उभा होतो. तो सदरा माझ्या गुडघ्यांना टेकत असे.

"वय?"

"एकवीस."

इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिले. कपाळावरचा घाम नाकाच्या बाजूने ओघळून ओठावर आला होता. तेल, काजळी आणि मीठ यांची चव जिभेला लागली. त्याने खिशातून रुमाल काढला आणि स्वतःची मान पुसली.

"मॅनेजरसाहेब, तुमच्या फायरमनची मिशी पाझरून राहिली."

"उन्हाळा आहे साहेब."

दोघेही पोटभर हसले. हसणे ओसरल्यावर मॅनेजर सहज म्हणाला, "अन् ह्यांच्यात जन्मतारीख कोण लिहून ठेवते? आपण लिहू तो जन्म."

ह्यांच्यात. त्याने जातीचे नाव घेतले नाही. गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वी माझ्या आईबापांनी याच शहरातल्या एका मैदानावर, लाखो माणसांबरोबर, ते नाव टाकून दिले होते. आम्ही टाकले ते याने उचलून जपून ठेवले होते. वेळ पडली की काढायचा.

इन्स्पेक्टरने सही केली. जाताना मॅनेजर त्याला म्हणाला, "रविवारी घरच्यांना घेऊन या. बाल्कनी तुमचीच."

मी मागच्या गल्लीतल्या नळावर तोंड धुतले. तेल होते, त्यामुळे काळे गेले नाही, गालभर पसरले. तसाच घरी गेलो. आईने पाहिले. राख घेऊन तिने माझे तोंड घासले, भांडे घासावे तसे.

*

मी तिथे कसा पोचलो ते सांगतो.

वडील कापडाच्या गिरणीत होते. यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. पाठोपाठ कामही गेले. मी नववीत होतो. वर्गात इंग्रजीत पहिला होतो, याचा उपयोग पुढे एकदाच झाला. तो पुढे येईल. शाळा सुटली आणि मी थिएटरात झाडू मारायला लागलो. भिंतींवर पोस्टरे चिकटवायला लागलो. तीन महिने गेले. एके दिवशी मॅनेजरने खाकी सदरा माझ्या अंगावर फेकला.

"उद्यापासून तू फायरमन."

"साहेब, मला त्यातलं काही येत नाही."

"येण्यासारखं काही नाही त्याच्यात. बादल्या भरायच्या. दारं सांभाळायची. मी सांगीन तेवढं करायचं."

मला आनंद झाला. हे लपवीत नाही. सदरा मोठा होता, पण त्याला पितळी बटणे होती. वस्तीत मी तो घालून हिंडलो.

काम असे होते. भिंतीला आठ लाल बादल्या टांगलेल्या. चार पाण्याच्या, चार वाळूच्या. नागपूरच्या मे महिन्यात बादलीतले पाणी चार दिवसांत आटते. मॅनेजर ते फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी भरायला सांगे. एरवी पाण्याच्या बादल्या कोरड्या आणि वाळूच्या बादल्या पानाच्या पिचकाऱ्यांनी ओल्या.

मुख्य काम दारांचे. सभागृहात तीन वर्ग होते. वर बाल्कनी. तिच्या दारांना मखमली पडदे, कुलूप नाही. मधल्या वर्गाला दोन दारे, त्यांना आतून कडी. सर्वांत पुढे, पडद्याच्या पायाशी, लाकडी बाकांचा वर्ग. त्याला सगळे 'थर्ड' म्हणत. गिरणीची माणसे, रिक्षावाले, बिडी वळणाऱ्या बाया, आमची वस्ती. थर्डला दोन दारे होती, दोन्ही मागच्या गल्लीत उघडणारी. खेळ सुरू झाला, दिवे गेले, की मी गल्लीत जाऊन त्या दोन दारांना बाहेरून साखळी घालायचो आणि कुलूप लावायचो. गल्लीतून कोणी फुकट आत घुसू नये म्हणून. किल्ल्यांचा जुडगा सुतळीने माझ्या गळ्यात असे.

"माझ्या हुकुमाशिवाय कुलूप उघडायचं नाही. आतून कोणी कितीही बोंबललं तरी." मॅनेजरने हे मला पहिल्या दिवशी सांगितले, आणि नंतर दर आठवड्याला सांगितले. मध्येच कोणाला बाहेर जावेसे वाटले, पोर रडले, कोणाला ओकारी आली, तरी दार उघडत नसे. आतून थापा पडत. मी गल्लीत उभा राहून ऐकत असे. हळूहळू त्या थापा मला ऐकू येईनाशा झाल्या. माणसाला कशाचीही सवय होते, असे म्हणतात. ते खरे आहे. सोळाव्या वर्षी तर फार लवकर होते.

थर्डमधल्या लोकांना साखळीची माहिती होती. कोणी तक्रार केली नाही. आपल्या वर्गाला कुलूप असते, हे त्यांनी गृहीत धरले होते. मीही.

*

तपासणीनंतरचा रविवार. दुपारचा बाराचा खेळ.

थर्ड भरगच्च होता. आमच्या वस्तीतल्या दहाबारा बाया आल्या होत्या. त्यांत भागामावशी होती. आमच्या शेजारची. नवरा नाही, मूल नाही. बिडी वळून जगायची. लहानपणी आई कामावर गेली की मी हिच्या ओसरीवर वाढलो. आत जाताना तिने माझ्या पितळी बटणावर बोट टेकवले.

"काय गा साहेब. आम्हाले चांगल्या जागी बसवशील का नाही?"

मी तिला दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसवले. वारा लागेल म्हणून. दिवे गेले. मी गल्लीत जाऊन दोन्ही दारांना साखळी घातली. कुलूप लावले.

पडद्याच्या बाजूला एक मोठा कूलर होता. पत्र्याचा, खसाच्या म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा. त्याची टाकी भरण्याचे काम कोणाकडे होते हे कोणालाच माहीत नव्हते. त्या दिवशी ती कोरडी होती. ताट्या वाळून काडीसारख्या झाल्या होत्या. मध्यंतराच्या थोडे आधी कूलरची मोटर जळाली आणि ठिणगीने खस धुमसायला लागला.

मी आतल्या बाजूच्या बोळात होतो. आधी वास आला. खसाचा वास गोड असतो. जळतानाही गोडच असतो. मग पडद्यावरच्या नायिकेच्या चेहऱ्यासमोरून धूर गेला. लोकांना वाटले, चित्रातलाच आहे. कोणीतरी शिट्टीही मारली. नंतर एक बाई ओरडली, "आग!"

किल्ल्या माझ्या गळ्यात होत्या. थर्डची दारे माझ्यापासून तीस पावलांवर होती. बोळातून गल्लीत जायचे, डावीकडे वळायचे, कुलूप काढायचे. श्वास धरून करता आले असते इतके.

मी उलट्या दिशेला धावलो. जिना चढलो. मॅनेजरच्या कार्यालयात गेलो. तिथे तो नव्हता. बाल्कनीत गेलो. तिथे तो पाहुण्यांशी बोलत उभा होता. बाल्कनीतली माणसे पडदे सारून एकेक करीत बाहेर येत होती. एका गृहस्थाच्या हातात सोड्याची बाटली होती. इन्स्पेक्टरची बायको पदराने नाक झाकून मुलांना मोजत होती.

मी म्हणालो, "साहेब, थर्डचं दार उघडू का?"

हे माझे शब्द आहेत. यात एक अक्षर कमी नाही, जास्त नाही.

तो म्हणाला, "थांब. आधी पाहू दे."

मी थांबलो. त्याने कठड्यावरून खाली वाकून पाहिले. खालून आवाज येत होता. त्या आवाजाचे वर्णन मी करणार नाही.

"उघड," तो म्हणाला.

मी गल्लीत पोचलो तेव्हा दार आतल्या रेट्याने फुगल्यासारखे झाले होते. साखळी ताणली गेली होती, म्हणून कुलूप फिरेना. दोन्ही हातांनी किल्ली दाबली. कुलूप सुटले. दार माझ्या अंगावर आले आणि त्याबरोबर माणसे. पहिली रांग पडली. तिच्यावर दुसरी. तिच्यावर तिसरी.

आतमध्ये तिकीट फाडणाऱ्याने कूलरवर दोन बादल्या ओतल्या. तपासणीसाठी भरलेल्या, म्हणून पाणी होते. धुमसणे तिथेच संपले. आग अशी लागलीच नव्हती. खुर्ची जळली नाही, पडदा जळला नाही. धुराने कोणाला काही झाले नाही. जे झाले ते साखळीने झाले.

कोणी मेले नाही. हेही सांगितले पाहिजे, कारण मॅनेजर पुढे सगळ्यांना हेच सांगत फिरला. सात जणांना टांग्यांत आणि रिक्षांत घालून मोठ्या दवाखान्यात नेले. सर्वांत खाली सापडली ती भागामावशी. दाराजवळच्या बाकावर बसलेली. मी बसवलेली.

*

तिचा उजवा हात मनगटापाशी दोन ठिकाणी मोडला होता. मी दुसऱ्या दिवशी गेलो. वॉर्डात खाट मिळाली नव्हती. ती जमिनीवर सतरंजीवर होती. प्लास्टर ओले होते. ती डाव्या हाताची बोटे एकमेकांवर फिरवून पाहत होती, एका हाताने बिडी वळते का याचा अंदाज घेत.

मी शेजारी बसलो. तिने बोटे थांबवली. मग म्हणाली, "दार तूच लावलं होतं ना गा?"

"हो."

"किल्ली तुह्याजवळच होती?"

"हो."

"मंग उघडलं काहून नाही?"

"विचारायला गेलो होतो."

"कोणाले?"

मी सतरंजीचे दुमडलेले टोक सरळ केले.

"आम्ही आतून तुह्यं नाव घेऊन बोंबलून राहिलो होतो. मी बायांले म्हणलं, भिऊ नका वं, बाहेर आपला पोट्टा आहे. आपला पोट्टा उघडते." तिने प्लास्टरचा हात छातीशी घेतला. "अन् तू विचारायले गेला."

तिने तोंड भिंतीकडे केले. शिवी दिली नाही. दिली असती तर मी तिथून मोकळा होऊन उठलो असतो.

*

त्याच दिवशी दुपारी मॅनेजरने बोलावले. त्याचे फोनवर बोलणे चालले होते. त्याने मला टेबलासमोर उभे ठेवले. आमच्यासाठी त्या खोलीत खुर्ची नव्हती. सुमारे तासभर मी उभा होतो, आणि नजर कुठे ठेवावी हे न कळून मी त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवरची चौकट पाहत होतो. काचेत लावलेला इंग्रजी कागद. रोज किल्ल्या घेताना मी त्याच्यासमोर उभा राहत असे. कधी वाचला नव्हता. वाचायचा असतो, हेच मनात आले नव्हते.

त्या दिवशी वाचला. लायसनच्या अटी होत्या. निम्मे शब्द अडले. पण एका अटीत दारे आणि आग विझवण्याची साधने यांचा उल्लेख होता, आणि पुढे अठरा वर्षे असे अक्षरी लिहिले होते. त्याच्या खालच्या अटीत कुलूप हा शब्द होता. माझ्या खिशात येत्या चित्रपटाचे हँडबिल होते आणि पेन्सिलीचा तुकडा होता. मॅनेजर खिडकीकडे वळला की मी मांडीवर कागद धरून एकेक ओळ उतरवली.

फोन ठेवून तो म्हणाला, "परवा चौकशी आहे. मोठा साहेब येणार. ध्यान देऊन ऐक. तू एकवीस वर्षांचा आहेस. जबाबदार माणूस आहेस. थर्डला कुलूप लावत जाऊ नको असं मी तुले बजावलं होतं. तरी तू आपल्या मनानं लावलं. फुकटे घुसतात म्हणून. चूक झाली म्हणायचं. हात जोडायचे. साहेब दोन शब्द रागावतील. सोडून देतील. नोकरी तुझी राहील. ही माझी जबान."

"आणि नाही म्हटलं तर?"

तो खरोखर चकित झाला. रागावला नाही. खुर्ची बोलावी तसे त्याला वाटले असावे.

"तू कायले नाही म्हणशील बे?" तो म्हणाला.

*

वस्तीत एक मास्तर होते. विहाराच्या पडवीत संध्याकाळी वाचनालय चालवीत. मी हँडबिल त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचले आणि मराठीत सांगितले. खेळ चालू असताना प्रेक्षकांच्या बाहेर जाण्याच्या कोणत्याही दाराला कुलूप किंवा साखळी असता कामा नये. दारे आणि आगीची साधने ज्याच्या ताब्यात, तो माणूस अठरा वर्षे पूर्ण झालेला असला पाहिजे, आणि खेळभर त्याला दुसरे काम देता कामा नये.

मास्तरांनी विचारले, "अठराच काहून? सांग."

"ताकद लागते म्हणून."

"बादली तं तू आताही उचलतेस. ताकदीचं नाही ते." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "दारावरच्या माणसाले कधी ना कधी मालकाले नाही म्हणा लागते. 'लावणार नाही' म्हणा लागते. 'विचारत बसणार नाही, उघडतो' म्हणा लागते. कायद्याले वाटलं, अठराच्या आत हे जमत नाही. म्हणून ती अट. तुझ्या मॅनेजरनं ती अट नीट वाचली आहे. तुझ्यापेक्षा नीट. म्हणून तं तुले ठेवलं."

नंतर तिकीट फाडणाऱ्याकडून कळले ते याला जुळले. माझ्या आधीचा फायरमन कामठीच्या छावणीतून निवृत्त झालेला शिपाई होता. त्याने पहिल्याच आठवड्यात साखळी घालायला नकार दिला. त्याला काढले. सदरा त्याचा. पितळी बटणे त्याची. मला मोठेपणा वाटला होता तो एका माणसाच्या नकाराची उतरण होती.

मी सोळा वर्षांचा, हातचे काम गेलेल्या बापाचा, आणि ह्यांच्यातला. तिन्ही गोष्टी त्याने पारखून घेतल्या होत्या. त्याला फायरमन नको होता. ज्याच्या तोंडात नाही हा शब्द नाही असे तोंड हवे होते. त्यावर मिशी काढता येते.

त्या रात्री आईला विचारले, "माझं वय नक्की किती?"

"सोळा पुरे झाले पुसाच्या महिन्यात. सतरावं चालू आहे."

"कागद नाही आपल्याजवळ."

"कागद कायले? दीक्षेच्या दिवशी तुले आठवं चालू होतं. वरचे दोन दात पडले होते. पांढरा सदरा घातला होता तुह्या अंगात, अन् तू सगळ्यांसंगं प्रतिज्ञा म्हणून राहिला होता. दातांतून वारा जाये. शब्द फुसफुस निघे. तुह्या बापाले हसू येऊन राहिलं होतं, मी त्यायले चिमटा काढला." तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. "असा दिवस कोणी विसरते का? मी तुह्यं वय तिथून मोजतो. चुकत नाही."

सकाळी मी शाळेत गेलो. सुट्टी होती, पण कचेरी उघडी होती. शाळा सोडल्याचा दाखला मागितला. मुख्याध्यापकांनी तो देण्यास दुपार केली. त्यावरची तारीख आईच्या मोजणीशी सहा महिन्यांनी चुकत होती. कागद चुकला होता. आई नाही. पण वर्ष बरोबर होते.

*

चौकशीच्या सकाळी मॅनेजरने पुन्हा माझी हनुवटी धरली. या वेळी दारात हसायला कोणी नव्हते. त्याने घाईघाईत कांडी दोनदा फिरवली, त्यामुळे मिशी जाड आली. मी ती काढू दिली. मला ती त्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवी होती.

अधिकारी वयस्क होता. टेबलामागे मॅनेजरच्या खुर्चीत बसला. शेजारी इन्स्पेक्टर, हातात फाइल. मॅनेजर उभा. त्या खोलीत त्याला उभे राहिलेले मी प्रथमच पाहिले. दाराशी पाण्याने काठोकाठ भरलेली लाल बादली ठेवली होती. आठही बादल्या त्या दिवशी भरलेल्या होत्या.

"तू फायरमन?"

"हो."

"वय काय?"

मी वळलो. बादलीजवळ गेलो. गुडघ्यांवर बसलो आणि दोन्ही हात पाण्यात घातले. खिशात आईकडून घेतलेली राख पुडीत बांधून आणली होती. ती ओठावर घासली. धुतले. पुन्हा घासले. पाणी काळे झाले. सदऱ्याच्या बाहीने तोंड कोरडे केले आणि टेबलासमोर येऊन उभा राहिलो.

"सोळा."

मॅनेजर म्हणाला, "खोटं बोलून राहिला साहेब. हजेरीबुकात याची सही आहे. एकवीस."

मी दाखला टेबलावर ठेवला. अधिकाऱ्याने तो वाचला. मग इन्स्पेक्टरकडे पाहिले. इन्स्पेक्टर फाइलमध्ये काहीतरी शोधू लागला. गेल्याच आठवड्यात त्याने माझी मिशी पाझरताना पाहिली होती. आता त्याला माझ्या तोंडाकडे पाहता येत नव्हते.

अधिकारी मला म्हणाला, "वय हे असेल तर तुझ्यावर काही येणार नाही. अजाण आहेस. तू जाऊ शकतोस."

तो भला माणूस असावा. त्याने दार उघडले होते. त्यातून बाहेर पडणे सोपे होते. सोळा वर्षांचा पोर. त्याला काय कळते. मॅनेजरने मला सोयीसाठी मोठे केले होते. हा दयेने लहान करीत होता. मला भागामावशीचे डाव्या हाताचे बोट दिसले, दुसऱ्या बोटावर फिरणारे.

"जायचं नाही साहेब," मी म्हणालो. "लिहून घ्या. थर्डच्या दोन्ही दारांना साखळी मी घातली. कुलूप मी लावलं. रोज लावत होतो. हुकूम यांचा होता. धूर झाला तेव्हा किल्ली माझ्या गळ्यात होती. मी उघडलं नाही, विचारायला गेलो. हे थांब म्हणाले. मी थांबलो. हेही लिहा. माझं नाव माझ्या वयासकट लिहा. मला अजाण म्हणून गाळू नका."

"तुला समजते का तू काय बोलतो आहेस?"

"आता समजतं."

त्याने लिहून घेतले. मी वाचून पाहिले, मग सही केली. त्याआधी कधीही मी वाचून सही केली नव्हती.

मग सदऱ्याची पितळी बटणे एकेक करून सोडली. सदरा उतरवला. घडी केली. टेबलावर ठेवला. त्यावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला. बनियनवर, पुढच्या मोठ्या दाराने बाहेर पडलो. नोकरांनी त्या दाराने जायची रीत नव्हती.

मॅनेजर व्हरांड्यापर्यंत मागे आला. हलक्या आवाजात म्हणाला, "या शहरात तुले आता कोणी झाडू बी हाती देणार नाही."

काही काळ ते खरेही ठरले.

*

थिएटर थोडे दिवस बंद राहिले. मग उघडले. मॅनेजर तोच. नवा कूलर आला. नवा फायरमन आला: तिशीतला, पीळदार, स्वतःच्या मिशा असलेला. अट पाळली गेली होती. कागद शुद्ध झाला होता.

पहिल्या रविवारी मी बाराच्या खेळाचे तिकीट काढले. थर्डचे. माझ्यासोबत भागामावशी होती, हात गळ्यात बांधलेला. तिला मी यायला सांगितले नव्हते. वस्तीतून निघताना ती मागून आली, एवढेच. तिकीट फाडणाऱ्याने आम्हाला पाहिले. या वेळी त्याने विनोद केला नाही.

दाराजवळच्या बाकाच्या टोकाला मी बसलो. तिला आतल्या बाजूला बसवले. दिवे गेले. पडद्यावर अक्षरे आली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. मला तो हजार आवाजांत ओळखू आला असता. साखळी कोयंड्यातून सरकत होती.

मी उठलो. दार ढकलले. वीतभर उघडले. त्या फटीत मी उजवा हात घातला, कोपरापर्यंत.

बाहेर नवा फायरमन होता. उन्हात उभा. माझा सदरा त्याला बरोबर बसला होता.

"हात काढ बे पोट्ट्या. साखळी लावायची आहे."

"नाही."

"मोडन ना हात."

"मोड."

मागे बाकांवर कुजबुज झाली. कोणीतरी म्हणाले, काय झाले. भागामावशी उठून माझ्या शेजारी उभी राहिली. तिच्या मागे आणखी कोणी उठल्याचा आवाज आला. मी वळून पाहिले नाही. डोळे त्या माणसावर ठेवले. त्याने दार रेटले. लाकडाची कड मनगटात रुतली. हाडापर्यंत कळ गेली. मी हात काढला नाही.

त्याने साखळी हातात तोलली आणि कार्यालयाच्या जिन्याच्या दिशेने पाहिले. ते पाहणे मला ठाऊक होते. तो कोणाला तरी विचारायला जाणार होता.

"जा, विचारून ये," मी म्हणालो. "तोवर दार उघडं राहील. नंतरही उघडं राहील."

अठरा पूर्ण व्हायला मला अजून दीड वर्ष होते.